वजाबाकीतलं तांबं

आरोग्य तपासणीच्या पॅकेजात गेल्या काही वर्षांत एक नवी रांग आली आहे: सीरम आयर्न, फेरिटिन, तांबं, जस्त, कुठे कुठे सेरुलोप्लाझमिनही. सकाळी घरी येऊन नमुना नेतात, रात्री व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते आणि एखाद्या आकड्यापुढे ठळक अक्षरात ‘हाय’ छापलेलं असतं. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी किल्ल्या विसरू लागलं असेल, तर मुलगा तो आकडा गुगलवर टाकतो. मिनिटभरात त्याला सापडतं की तांब्याचा अल्झायमरशी संबंध आहे, लोहाचाही आहे. मग दोन गोष्टी घडतात. आईचा तांब्याचा हंडा माळ्यावर जातो आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद होतात. हंडा माळ्यावर गेल्याने कुणाचं काही बिघडत नाही. गोळ्या बंद झाल्याने बिघडतं, आणि हे लिहायचं कारण ते आहे.

अडचण अशी की मुलाला जे सापडतं ते खोटं नसतं. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्युबिंगेनच्या सभेत आपल्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत दिसलेल्या बदलांचं वर्णन केलं. पन्नासएक वर्षांत, १९५३ साली, अशा रुग्णांच्या मेंदूत लोह साठल्याचं गुडमन यांनी दाखवलं. १९५८ साली स्वीडनच्या हालग्रेन आणि सूरान्डर यांनी मोजून सांगितलं की निरोगी माणसाच्या मेंदूतही वयाबरोबर लोह वाढत जातं. १९९४ पासून ॲशली बुश आणि त्यांचे सहकारी हे दाखवत आले आहेत की या आजारात साठणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन जस्त आणि तांबं धरून ठेवतं. मेंदूला लोह हवंच असतं. ऊर्जेसाठी हवं, डोपामिनसारखी रसायनं बनवायला हवं, मज्जातंतूंवरचं वेष्टण घालायलाही हवं. पण प्रथिनांच्या ताब्यातून सुटलेलं लोह पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की फ्री रॅडिकल तयार होतात आणि पेशीचीच नासधूस करतात. इथवरचं शास्त्र पक्कं आहे. त्यावर काम करणारी माणसं भोंदू नाहीत, आणि त्यांना भोंदू ठरवून मोकळं होणं हा आळस झाला.

माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. मेंदूत लोह वाढलंय म्हणून रक्तातलं लोह पाहावं, मेंदूतल्या तांब्याचं गणित बिघडलंय म्हणून रक्तातलं तांबं मोजावं, आणि त्या आकड्यावरून एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या खाण्यापिण्यात, औषधात ढवळाढवळ करावी, ही ती पायरी. ती वाटते तितकी सरळ नाही.

रक्तातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझमिन या एकाच प्रथिनात बसलेलं असतं. १९४८ साली होल्मबर्ग आणि लाउरेल यांनी ते वेगळं काढलं तेव्हा ते त्याच्या निळ्या रंगामुळे लक्षात राहिलं. तांबं वाहून नेणं हे त्याचं काम, असं पुष्कळ दिवस समजलं जात होतं. खरं काम निघालं लोहाचं. पेशीतून बाहेर पडणाऱ्या लोहाचं ते ऑक्सिडीकरण करतं, त्यानंतरच ट्रान्स्फेरिन हे दुसरं प्रथिन ते लोह उचलू शकतं. म्हणजे तांब्याशिवाय लोह हलत नाही. शरीरात तांबं फार कमी पडलं तर ॲनिमिया होतो, त्यात याचाही हात असतो. दोन धातूंची खाती एकमेकांत अशी गुंतलेली असल्याने एका आकड्याकडे पाहून निकाल देणाऱ्याने आधीच चूक केलेली असते.

सेरुलोप्लाझमिनमध्ये न बसलेलं जे थोडं तांबं उरतं, त्याला बोलीत ‘फ्री कॉपर’ म्हणतात. रोमच्या रोझान्ना स्क्विट्टी यांनी गेली वीसहून अधिक वर्षं हा धागा धरून ठेवला आहे. अल्झायमरच्या काही रुग्णांत हे सुटं तांबं वाढलेलं असतं आणि त्या रुग्णांचा एक वेगळा गट मानावा, असं त्यांचं म्हणणं. विचार करण्यासारखं आहे. फक्त हे सुटं तांबं मोजतात कसं, ते बघा. बहुतेक ठिकाणी ते मोजत नाहीत, वजा करतात. एकूण तांब्याचा मायक्रोग्रॅममधला आकडा घ्यायचा, सेरुलोप्लाझमिनचा मिलिग्रॅममधला आकडा तिनाने गुणायचा आणि पहिल्यातून दुसरा वजा करायचा. समजा, तांबं ११० आणि सेरुलोप्लाझमिन ३२. तिनाने गुणून ९६, उरले १४. आता सेरुलोप्लाझमिनच्या चाचणीत दहा टक्क्यांची चूक धरा. ती वरच्या बाजूला झाली तर उरतात साडेचारच्या आत, खालच्या बाजूला झाली तर साडेतेवीसच्या वर. माणूस तोच, नमुना तोच, आणि तो निरोगीही ठरतो, संशयितही ठरतो. कधी कधी तर उत्तर शून्याच्या खाली जातं, म्हणजे रक्तात उणे तांबं! हे गणित मुळात विल्सन या आनुवंशिक आजारासाठी वापरात आलं. तिथे तांब्याचा गोंधळ इतका मोठा असतो की अशी चूक पोटात जाते. अल्झायमरमधला फरक सूक्ष्म आहे. त्यासाठी हे सूत्र वापरणं म्हणजे साखर कारखान्याच्या गाडीकाट्यावर केशर तोलणं.

त्यात सेरुलोप्लाझमिन आणि फेरिटिन ही दोन्ही प्रथिनं शरीरात कुठेही दाह असला की वाढतात. सर्दीताप, हिरड्यांची सूज, सांधेदुखी, मधुमेहाच्या पायाची जखम, काहीही चालतं. सीरम आयर्न तर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं. सत्तरीच्या माणसाच्या अंगात कुठे ना कुठे दाह असतोच. तेव्हा अहवालातलं ‘हाय’ मेंदूबद्दल बोलतंय की गुडघ्याबद्दल, हे त्या कागदावरून कळत नाही.

आणि या सगळ्याहून बोलका पुरावा एका दुर्मीळ आजारात आहे. १९८७ साली जपानच्या मियाजिमा यांनी सेरुलोप्लाझमिन जवळजवळ नसलेल्या रुग्णाचं वर्णन केलं. या आजारात रक्तातलं लोह कमी असतं, तांबं कमी असतं, जोडीला सौम्य ॲनिमिया असतो. रक्ताचा अहवाल पाहून कुणीही म्हणेल, लोह द्या. आणि मेंदू? तो लोहाने भरलेला असतो. पुढे तोल जातो, स्मृतिभ्रंश होतो. उलट बाजूला हिमोक्रोमॅटोसिस. त्यात यकृत, हृदय, स्वादुपिंड लोहाने गच्च भरतात, फेरिटिन हजारांत जातं, आणि मेंदू त्या मानाने वाचलेला राहतो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पडदा आहे, त्याच्या पलीकडे लोहाचा हिशोब स्वतंत्र चालतो. मेंदूतलं लोह पाहायचं तर एमआरआयच्या खास पद्धती आहेत. रक्त त्याची साक्ष देत नाही.

मग धातू आणि आजार यांचं नातं सिद्ध कधी मानायचं? त्यासाठी रोमला जायची गरज नाही, आमच्या सोलापूरहून चार-पाच तासांवर पुणं आहे. तांब्याचा एक गुन्हा महाराष्ट्रात खरोखर सिद्ध झालेला आहे आणि त्याची आठवण आपण फार लवकर पुसून टाकली. मुलांचा यकृताचा एक आजार होता, इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस. साधारण सहा महिन्यांपासून तीनेक वर्षांपर्यंतची बाळं. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं लागायचं, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुलं दगावायची. काही घरांत एकामागून एक भावंडं जायची. लोक त्याला घराण्याचा दोष म्हणायचे, डॉक्टरांनाही आनुवंशिकतेचा संशय होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या शीला भावे आणि आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत या मुलांच्या दुधाचा माग काढला. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं म्हणणं छापून आलं: अंगावरचं दूध लवकर तुटलेल्या या बाळांना पितळेच्या, तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, साठवलेलं दूध दिलं जात होतं.

पुढचं काम मला त्या शोधाहूनही मोलाचं वाटतं, कारण त्यांनी शंका घ्यायला जागाच ठेवली नाही. आजारी मुलांच्या आणि त्यांच्या वयाच्या निरोगी मुलांच्या आहाराचा इतिहास जोडीजोडीने तपासला. यकृताच्या तुकड्यात तांबं मोजलं, ते नेहमीच्या कितीतरी पट निघालं. दुधातलं केसिन पितळेतून तांबं ओढून घेतं, पाणी तसं ओढत नाही, हे प्रयोगशाळेत दाखवलं. तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामिन वेळेत दिलं तर मुलं वाचतात, हे दाखवलं. आणि शेवटी स्वयंपाकघरात स्टेनलेस स्टील आलं, जुनी भांडी मोडीत गेली, तसा आजारही जवळजवळ नाहीसा झाला. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात असंच घडलं होतं. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळांना हा आजार झाल्याची नोंद आहे आणि कल्हई नसलेली तांब्याची भांडी बदलल्यावर तो थांबला. (आपल्याकडे कल्हईवाला दारावर येत होता तोवर घराघरातल्या यकृतांची राखण तोच करत होता, हे कुणी त्याला सांगितलं नसेल.)

भांडं, दूध, यकृत, औषध आणि भांडं गेल्यावर गेलेला आजार. पाच कड्यांची साखळी, एकही कडी गहाळ नाही. अल्झायमरमधल्या तांब्याच्या दाव्याला मी हीच फूटपट्टी लावतो, आणि तिथे साखळी दुसऱ्याच कडीला तुटते. सशांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. २००३ साली स्पार्क्स आणि श्रूर्स यांनी कोलेस्टेरॉलयुक्त खाद्य देऊन पाण्यात लिटरमागे ०.१२ मिलिग्रॅम तांबं घातलं, तर सशांच्या मेंदूत अमायलॉइड साठलं आणि त्यांचं शिकणं मंदावलं. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेलं पाणी तपासलं, त्यात घातक जंतू मेले होते आणि तांबं होतं लिटरमागे ०.१७७ मिलिग्रॅम. म्हणजे सशांना दिलं त्याहून जास्तच! घाबरायचं असेल तर इथे घाबरता येईल. पण जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा २ मिलिग्रॅम आहे, प्रौढ माणसाची दिवसाची गरजच साधारण एक ते दोन मिलिग्रॅम आहे, आणि आपल्याला पाण्यापेक्षा डाळी, शेंगदाणे, तीळ यांतून तांबं जास्त मिळतं. सोलापुरी शेंगाचटणीला अजून कुणी आरोपी केलेलं नाही. शिकागोच्या एका मोठ्या पाहणीत, २००६ साली, जास्त तांबं खाणाऱ्यांची स्मृती लवकर घसरल्याचं दिसलं, पण ज्यांच्या जेवणात घातक स्निग्धांशही भरपूर होता त्यांच्यातच. आणि जर्मनीत उलटाच प्रयोग झाला. अल्झायमरच्या मेंदूत तांबं कमी असतं असा दुसरा पक्ष आहे, म्हणून सौम्य आजाराच्या ६८ रुग्णांपैकी काहींना वर्षभर रोज ८ मिलिग्रॅम तांबं दिलं, काहींना नुसती खोटी गोळी. २००८ साली निकाल आला: स्मृतीत फरक नाही. ना फायदा, ना तोटा. हंडा माळ्यावर टाकायला किंवा माळ्यावरून काढायला, दोन्हींना पुरेसं कारण मिळत नाही.

लोहाची गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण तिथे उपचार करून पाहिला गेला. १९९१ साली कॅनडाच्या मॅक्लॉक्लन यांनी डेस्फेरिऑक्झामिनची इंजेक्शनं दिली तेव्हा रोजच्या कामातली घसरण मंदावल्यासारखी दिसली होती. त्यांचा रोख ॲल्युमिनियमवर होता, औषध मात्र लोह धरणारं होतं. ती आशा तीस वर्षं जिवंत राहिली. तिचा पुढचा टप्पा म्हणजे लोह धरणारी, मेंदूत शिरू शकणारी, तोंडाने घ्यायची गोळी डेफेरिप्रोन. हिला आपल्या जवळचा संदर्भ आहे: थॅलेसेमियाच्या मुलांसाठी तिला परवानगी देण्यात भारत पुढे होता आणि नव्वदच्या दशकात मुंबईच्या सिप्लाने ती ‘केलफर’ नावाने बाजारात आणली. इंजेक्शनच्या पंपाला जखडलेल्या मुलांसाठी ती मोठी सुटका होती. ऑस्ट्रेलियात अल्झायमरच्या ८१ रुग्णांवर वर्षभर तिची नीट चाचणी झाली आणि २०२४ साली निकाल छापून आला. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस भागातलं लोह कमी झालं, म्हणजे औषधाने ठरलेलं काम केलं. पण ज्यांना औषध मिळालं त्यांची बुद्धी खोट्या गोळीवाल्यांपेक्षा जास्त वेगाने घसरली. पार्किन्सनच्या ३७२ रुग्णांवरच्या चाचणीतही २०२२ साली हे औषध घेणाऱ्यांची लक्षणं जास्त बिघडलेली दिसली होती.

हा निकाल मला एखाद्या यशस्वी चाचणीहून मोठा वाटतो. लोह वाढणं हे आजाराचं कारण आहे, की झगडणाऱ्या पेशींची गरज, की नुसती खूण, हे ठरायच्या आधीच ते कारण आहे असं आपण गृहीत धरून चाललो होतो. मेलबर्नच्या ज्या गटाने २०१५ साली पाठीच्या पाण्यातलं फेरिटिन वाढलेलं असेल तर स्मृती लवकर घसरते असं दाखवलं होतं, त्याच गटाच्या लोकांनी ही चाचणी केली आणि स्वतःच्या मताविरुद्धचा निकाल छापला. शास्त्रज्ञांनी एवढा प्रामाणिकपणा दाखवल्यावर आपल्याकडे घरच्या घरी आईच्या लोहाच्या गोळ्या बंद करायचा अधिकार कुणाला उरत नाही.

आता सोलापूर. पूर्व भागातल्या पद्मशाली वस्त्यांत, कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत, ज्या बायकांनी चाळीस-चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या त्या आता साठी-सत्तरीत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना ॲनिमिया निघाला. आधीच्या फेरीत ४८ टक्के होता. एकोणपन्नासाव्या वर्षी ही पाहणी थांबते. २०१८ साली सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ मोहिमेत बाळं आहेत, किशोरी आहेत, गरोदर आणि स्तनदा माता आहेत, आजी नाही. पन्नाशी उलटली की बाईचं हिमोग्लोबिन सरकारी कागदावरून उतरतं.

आणि नेमकं या वयात ते मोलाचं असतं. अमेरिकेत सत्तरीच्या २,५५२ माणसांवर अकरा वर्षं नजर ठेवली गेली. ॲनिमिया असलेल्यांपैकी २३ टक्क्यांना स्मृतिभ्रंश झाला, नसलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. २०१४ साली ऑस्ट्रेलियाच्या अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांचं हिमोग्लोबिन कमी दिसलं, पाठोपाठ हेही कळलं की त्यांच्या रक्तातलं ट्रान्स्फेरिन लोहाने पुरेसं भरलेलं नसतं. म्हणजे रक्तातल्या लोहाबद्दल जो काही पुरावा आहे, त्याचा कल जास्तीपेक्षा कमीकडे आहे. यातून लोहाची गोळी अल्झायमर टाळते असं सिद्ध होत नाही. विसरभोळा माणूस जेवायचंही विसरतो, तेव्हा कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे इथेही धूसर आहे. पण भीतीपोटी गोळी बंद करायला मात्र काडीचा आधार नाही. शिवाय म्हातारपणी लोह कमी होण्यामागे पोटातली जखम, आतड्यातली गाठ किंवा गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी होणारा सूक्ष्म रक्तस्राव असू शकतो. कमी फेरिटिनचा आकडा बघून मेंदूची चिंता करत बसलं तर पोटाकडे बघायचं राहून जातं.

डाळिंबाबद्दलही बोलायला हवं, रागावणार असाल तरी. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, केगावला राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि रक्त वाढायला डाळिंब हा सल्ला प्रत्येक घरात आहे. शंभर ग्रॅम दाण्यांत लोह असतं जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. रंग लाल आहे, एवढंच. ज्वारी-बाजरीत लोह आहे, पण फायटेटमुळे त्यातलं थोडंच अंगी लागतं, आणि भाकरीवर लगेच चहा घेतला तर तेवढंही नाही. मंगळवेढ्याची मालदांडी कितीही गोड असली तरी ९ हिमोग्लोबिन तिच्याने १२ होत नाही. त्याला गोळीच लागते, वेळप्रसंगी सलाईनमधून लोह.

विसरायला लागलेल्या माणसाचं रक्त तपासूच नये, असं मी म्हणत नाही. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर तपासावं. यातल्या कमतरता भरून काढता येतात. बी-१२ ची कमतरता आपल्याकडे किती पसरलेली आहे ते पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं मांडलं आहे. अल्झायमरचाच प्रश्न असेल तर आता पी-टाऊ २१७ सारखी, थेट त्या आजाराच्या प्रथिनाशी जोडलेली रक्तचाचणी आली आहे; अमेरिकेच्या एफडीएने मे २०२५ मध्ये अशा पहिल्या चाचणीला मान्यता दिली. आणि रक्ताच्या बाहेरही पाहावं. लॅन्सेट आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी चौदा कारणं सांगितली त्यांत बहिरेपण वरच्या ओळीत आहे, तांबं कुठेच नाही. शटलच्या यंत्रमागांच्या खडखडाटात ज्यांची उमर गेली त्या माणसांचे कान सोलापुरात कुणी तपासतं का? ‘अप्पांना काही लक्षात राहत नाही’ असं सून सांगते, तेव्हा अप्पांना मुळात ऐकूच आलेलं नसतं, असंही असू शकतं. घरात तेलुगू बोलणाऱ्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला स्मृतीच्या चाचणीत मराठीत महिन्यांची नावं उलटी म्हणायला लावून गुण देणं हा तर वेगळाच अन्याय.

तरीही लोह-तांब्याच्या रक्तखुणांवर इथे अभ्यास व्हावा असं मला मनापासून वाटतं, अगदी वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी. या विषयातले गाजलेले अभ्यास बहुतेक रोम, मेलबर्न, शिकागो इथले आहेत, जिथे ॲनिमिया हा अपवाद आहे. निम्म्याहून अधिक बायका ज्या वस्तीत आयुष्यभर कमी लोहावर जगल्या, तिथे अल्झायमरच्या रुग्णाचं कमी लोह वेगळं उठून दिसेल का? अशा शरीरात वाढत्या वयाबरोबर मेंदूतलं लोह तितकंच वाढतं का? सुटं तांबं वजाबाकीने न काढता गाळून थेट मोजलं, सोबत दाहाचा निर्देशांक घेतला आणि तीच माणसं पाच-सात वर्षं पुन्हा पुन्हा तपासली, तर जगाला माहीत नसलेलं काहीतरी सोलापूरकडून कळेल. तोवर ती रांग संशोधकाच्या वहीत असावी, पॅकेजात नको.